पाळी जाण्याच्या काळातील संप्रेरक उपचार: एका शिक्षिकेचे प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित शिकवणाऱ्या ४७ वर्षांच्या एक बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या हातात तीन दवाखान्यांच्या कागदांची जाडजूड फाइल होती आणि त्यांचे पहिले वाक्य होते, ‘मॅडम, पिशवी काढायची तारीख घ्यायला आले आहे.’ त्यांचे प्रकरण येथे सविस्तर मांडण्याला कारण आहे. पाळी जाण्याच्या काळातल्या संप्रेरक (हार्मोन) उपचाराची चर्चा आपल्याकडे बहुधा गरम वाफांपासून सुरू होते आणि कर्करोगाच्या भीतीपाशी थांबते. प्रत्यक्षात पाळी अजून पूर्ण गेलेली नसताना कोणते औषध द्यायचे हे मुख्यतः रक्तस्रावावरून, गर्भाशयाच्या अस्तरावरून आणि दिवस राहण्याची शक्यता उरली आहे की नाही यावरून ठरते. वाफा कमी करणे हा त्या निवडीतला त्यामानाने सोपा भाग असतो. बाईंची ओळख पटेल असे तपशील येथे दिलेले नाहीत.

तक्रारी आणि पूर्वइतिहास

चौदा महिन्यांपासून त्यांची पाळी बिघडली होती. आयुष्यभर २८ दिवसांनी येणारी पाळी कधी २२ दिवसांनी, कधी ४० दिवसांनी येऊ लागली आणि एकदा तर ७५ दिवस आलीच नाही. आली की नऊ-दहा दिवस अंगावरून जात राही, त्यातले पहिले तीन-चार दिवस गाठी पडत, आणि शाळेत सलग दोन तास घेणे अशक्य होई. रात्री तीन-चार वेळा घामाने भिजून जाग येई, छाती धडधडे, सकाळी बोटांचे सांधे आखडलेले असत. धडधडीसाठी काढलेला ईसीजी व्यवस्थित होता.

यातल्या कशानेही त्या हादरल्या नव्हत्या, इतक्या एका दुपारी वर्गात घडलेल्या प्रसंगाने हादरल्या होत्या. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता त्या बावीस वर्षे पुस्तक न उघडता फळ्यावर लिहीत आल्या होत्या. त्या दिवशी समरूप त्रिकोणांच्या पायरीवर त्यांचा हात थांबला आणि पुढची ओळ काही केल्या आठवेना. पहिल्या बाकावरच्या मुलीने काही न बोलता आपली वही पुढे सरकवली. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला, आणि ‘मला विसरण्याचा आजार लागला आहे का?’ हे विचारण्यासाठीच त्या खरे म्हणजे आल्या होत्या, असे मला तेव्हा वाटले. सलग झोप न मिळणे, शरीरातले लोह संपणे आणि इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे चढ-उतार या तिन्हींमुळे या वयात असे अडखळणे होते, आणि ते बहुतेक वेळा तात्पुरते असते, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले.

पूर्वइतिहासात निवडीवर थेट परिणाम करणाऱ्या चार गोष्टी निघाल्या. विशीपासून त्यांना अर्धशिशी होती, आणि डोके दुखण्याआधी वीस मिनिटे डोळ्यांसमोर नागमोडी, चमकत्या रेषा दिसत. पाच वर्षांपासून रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम चालू होते, पण गोळी रोज घेतली जात नव्हती. तपासताना दाब १४८/९२ भरला. वजन ७१ किलो आणि उंची १५६ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २९ होता. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया दोघांपैकी कोणाचीही झालेली नव्हती आणि आता ‘या वयात काय होते’ म्हणून कोणतेच साधन वापरले जात नव्हते. एका मावशीला ६८ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाल्याचा इतिहास घरात नव्हता. मिश्री किंवा तंबाखू नव्हती. आमच्या भागात हा प्रश्न शिक्षिकेलाही विचारावा लागतो.

फाइलमध्ये एफएसएचचा, म्हणजे बीजकोशांना चालना देणाऱ्या संप्रेरकाचा, सहा महिन्यांपूर्वीचा अहवाल होता. आकडा ११ होता, शेजारी ‘नॉर्मल’ छापलेले होते, आणि त्या आधारावर एका ठिकाणी त्यांना ‘तुमची पाळी जायला अवकाश आहे, हे सगळे मनाचे आहे’ असे सांगण्यात आले होते. या एका कागदाने त्यांचे सहा महिने वाया घालवले. पाळी जाण्याच्या काळात एफएसएच एका महिन्यात ३० च्या वर जाते आणि पुढच्या महिन्यात ८ वर उतरते; रक्त ज्या दिवशी काढले त्या दिवशीचा तो आकडा असतो, त्यापलीकडे त्याला अर्थ नसतो. म्हणूनच ४५ च्या पुढच्या स्त्रीला अनियमित पाळी आणि वाफा असतील तर निदान लक्षणांवरून करावे, त्यासाठी एफएसएच तपासू नये, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०१५ पासूनची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षे आधी, हे लक्षात घेतले तर ४७ व्या वर्षी ‘अवकाश आहे’ म्हणण्याला काहीच आधार नव्हता.

आधी रक्तस्रावाचा शोध

बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडले नाही की त्या महिन्यात अस्तराच्या वाढीला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र तयार होत राहते आणि कधी कधी तरुणपणापेक्षाही जास्त होते. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर वाढतच जाते आणि जेव्हा सुटते तेव्हा गाठी घेऊन, दहा-दहा दिवस सुटते. त्याच बाईचे इस्ट्रोजेन काही आठवड्यांनी घसरले की वाफा येतात. म्हणजे एकाच शरीरात एका महिन्यात संप्रेरक जास्त आणि दुसऱ्या महिन्यात कमी, असे चालू असते, आणि ‘कमी पडलेले भरून काढणे’ हा या उपचाराचा सरळ अर्थ या काळात अपुरा ठरतो.

पण ४५ च्या पुढचा प्रत्येक बिघडलेला रक्तस्राव याच कारणाने होतो असे धरून चालणे धोक्याचे आहे. सोनोग्राफीत गर्भाशय किंचित मोठे, भिंतीत दोन सेंटिमीटरची एक फायब्रॉइडची गाठ आणि अस्तराची जाडी १३ मिलिमीटर दिसली. येथे नेहमी होणारा एक गोंधळ सांगायला हवा. अस्तर चार मिलिमीटरच्या आत असावे हा नियम पाळी पूर्णपणे गेल्यानंतर होणाऱ्या रक्तस्रावासाठी आहे. पाळी चालू असलेल्या बाईत महिन्याच्या दिवसाप्रमाणे जाडी बदलते आणि १३ हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. वय, वजन आणि रक्तस्रावाचे स्वरूप पाहता अस्तराचा तुकडा तपासणे मला आवश्यक वाटले. भूल न देता, बारीक नळीने, दवाखान्यातच पाच मिनिटांत तो घेतला. बाईंना पोटात जोराची कळ आली, ती मिनिटभर राहिली. अहवालात अस्तराची वाढ अनियमित पण पेशी सामान्य, कर्करोगपूर्व बदल नाहीत, असे आले. तो येईपर्यंतचे आठ दिवस मी इस्ट्रोजेनचा विषयही काढला नाही, कारण अस्तरात घातक बदल असते तर पुढचा सारा विचारच वेगळा झाला असता.

बाकीच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन ९.४ आणि फेरिटिन ८ आले, म्हणजे लोहाचा साठा जवळजवळ संपलेला होता. थायरॉइड व्यवस्थित होते, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ५.९ होता, मॅमोग्राफीत आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीत दोष नव्हता.

कोणते औषध, कोणत्या वाटेने

गर्भाशय काढण्याचा सल्ला त्यांना एका दवाखान्यात दोन मिनिटांत मिळाला होता आणि तो त्यांना पटलाही होता, कारण आईचे गर्भाशय चाळिशीत आणि धाकट्या जावेचे ३८ व्या वर्षी काढलेले होते. आपल्या भागात हा सल्ला किती सहज दिला जातो ते २०१९ मध्ये बीड जिल्ह्याच्या पाहणीत उघड झाले: राज्य शासनाच्या समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. शाळेतल्या नोकरदार बाईची परिस्थिती त्यांच्यापेक्षा निराळी आहे, तरी ‘मुले झाली, आता ती पिशवी ठेवून काय करायचे’ हे वाक्य दोघींनाही सारखेच ऐकावे लागते. शस्त्रक्रियेने रक्तस्राव नक्की थांबला असता. वाफा थांबल्या नसत्या. उलट बीजकोशही काढले असते तर त्या एका रात्रीत कितीतरी पटींनी वाढल्या असत्या, आणि बीजकोश ठेवले तरी ते गर्भाशय काढल्यावर अनेकदा ठरल्या वेळेआधी थकतात. हे ऐकल्यावर बाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘जाऊबाईंना तेव्हापासूनच वाफा येतात.’

दुसरा मार्ग गर्भनिरोधक गोळ्यांचा होता. निरोगी, सडपातळ, रक्तदाब नसलेल्या चाळिशीतल्या बाईसाठी तो चांगला असतो, कारण त्या गोळ्या पाळी नियमित करतात, वाफा कमी करतात आणि दिवस राहू देत नाहीत. येथे मात्र डोळ्यांसमोर रेषा दिसणारी अर्धशिशी होती, आणि अशा बाईला इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी दिली तर पक्षाघाताचा धोका वाढतो. एवढे एकच कारण ती गोळी बाद करायला पुरेसे होते. वय आणि रक्तदाब त्यात भरच घालत होते.

टिबोलोन ही गोळी अनेक ठिकाणी वाफांसाठी सरसकट लिहिली जाते. ती, तसेच इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध) दोन्ही रोज अखंड घेण्याच्या गोळ्या, पाळी जाऊन किमान वर्ष झालेल्या बाईसाठी आहेत. बीजकोश अजून चालू असताना त्या दिल्या तर अवेळी, अनिश्चित रक्तस्राव सुरू होतो, मग त्याचा शोध, मग पुन्हा तपासण्या, आणि शेवटी बाई संप्रेरकांवरचाच विश्वास गमावून बसते. या काळात प्रोजेस्टोजेन चक्राने, म्हणजे महिन्यातले बारा-चौदा दिवस द्यावे लागते.

मग खरी तुलना दोन पर्यायांची उरली, आणि दोन्हींत इस्ट्रोजेन त्वचेतून देण्याचे मी ठरवले होते. तोंडावाटे घेतलेले एस्ट्राडायॉल, म्हणजे औषधात वापरले जाणारे इस्ट्रोजेन, आधी यकृतातून जाते आणि तेथे रक्त गोठवणाऱ्या घटकांची निर्मिती वाढवते. त्यामुळे शिरांमध्ये गाठ होण्याचा धोका थोडा वाढतो, आणि बीएमआय २९ असलेल्या बाईत तो घ्यायचा कशाला? त्वचेवर लावलेले जेल थेट रक्तात उतरते, नेहमीच्या मात्रेत हा धोका वाढवत असल्याचे दिसत नाही, आणि अर्धशिशीला जी स्थिर पातळी मानवते ती गोळीपेक्षा जेलने अधिक चांगली राखली जाते. अशा अर्धशिशीत गर्भनिरोधक गोळी वर्ज्य असली तरी त्वचेतून दिलेले इस्ट्रोजेन वर्ज्य नाही, कारण मात्रा खूप कमी असते; हा फरक न कळल्याने अनेक बायकांना विनाकारण ‘तुम्हाला हार्मोन चालणारच नाही’ असे सांगितले जाते.

एकटे इस्ट्रोजेन गर्भाशय असलेल्या बाईला देता येत नाही, हा धडा १९७५ मध्ये अमेरिकेत मिळाला, जेव्हा नुसत्या इस्ट्रोजेनवर ठेवलेल्या स्त्रियांमध्ये अस्तराचा कर्करोग वाढल्याचे दाखवणारे अभ्यास प्रसिद्ध झाले. म्हणून जेलच्या जोडीला अस्तराचे रक्षण करणारे काहीतरी हवेच. पहिला पर्याय मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनच्या २०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलचा होता, रात्री झोपताना, महिन्यातले बारा दिवस. तिने गुंगी येते, आणि झोप उडालेल्या बाईला ती उपयोगीच पडते. स्तनाच्या दृष्टीनेही ते जुन्या कृत्रिम प्रोजेस्टोजेनपेक्षा सौम्य मानले जाते. पण या कॅप्सूलने इतका मोठा रक्तस्राव आटोक्यात येईल याची मला खात्री नव्हती, आणि तिने गर्भधारणा टळत नाही. संप्रेरक उपचार म्हणजे गर्भनिरोधन असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर त्यानंतर दोन वर्षे, आणि पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष, काळजी घ्यावीच लागते.

दुसरा पर्याय ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन असलेल्या तांबीचा होता. बायका तिला ‘हार्मोनची तांबी’ म्हणतात, जरी तिच्यात तांबे नसते. ती सुरुवातीला रोज साधारण २० मायक्रोग्रॅम औषध थेट गर्भाशयात सोडते, अस्तर पातळ ठेवते, बहुतेकींचा रक्तस्राव वर्षभरात खूपच कमी करते, गर्भधारणा टाळते आणि इस्ट्रोजेनपासून अस्तराचे रक्षण पाच वर्षे करते. या बाईंच्या तीन गरजा एका वस्तूने भागत होत्या आणि चौथीसाठी, म्हणजे वाफांसाठी, जेल होते. भिंतीतली दोन सेंटिमीटरची गाठ पोकळीत शिरलेली नसल्याने तांबी बसवण्याला अडचण नव्हती.

निर्णय घेण्याआधी त्यांनी मावशीचा विषय काढला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाची बातमी त्यांनी कुठेतरी वाचली होती. त्यात भाग घेतलेल्या १६,६०८ स्त्रिया ५० ते ७९ वयाच्या, सरासरी ६३ वर्षांच्या होत्या, आणि त्यांना घोडीच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेन व मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन यांची गोळी दिली जात होती. गणिताच्या बाईंना मी आकडा सरळ सांगितला: दहा हजार स्त्रियांनी वर्षभर ती गोळी घेतली तर स्तनाच्या कर्करोगाचे आठ रुग्ण जास्त आढळले. त्यांनी लगेच हिशेब केला, ‘म्हणजे १,२५० मध्ये एक.’ ज्यांचे गर्भाशय काढलेले होते आणि ज्यांना फक्त इस्ट्रोजेन दिले, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. त्याचबरोबर काही निरीक्षणात्मक अभ्यासांत हार्मोनच्या तांबीबरोबरही स्तनाच्या कर्करोगात किंचित वाढ आढळली आहे, हेही मी लपवले नाही. उतारवयात कर्करोग झालेली एक मावशी हे उपचार नाकारण्याचे कारण ठरत नाही; आई किंवा बहिणीला तो कमी वयात झाला असता तर मी आधी आनुवंशिक सल्ल्यासाठी पाठवले असते. धोका शून्य आहे असे कोणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता, असे बाई म्हणाल्या, आणि विचारासाठी चार दिवस मागून घेतले.

पुढचे नऊ महिने

पहिले दोन आठवडे रक्तदाबाची गोळी नियमित करण्यात गेले. लोहाची गोळी त्या सकाळच्या चहाबरोबर घेत होत्या. चहाने लोह अंगी लागत नाही, म्हणून ती दुपारी लिंबाच्या सरबताबरोबर घ्यायला सांगितली. तिसऱ्या आठवड्यात तांबी बसवली आणि सहा आठवड्यांनी जेल सुरू केले. हे अंतर मी मुद्दाम ठेवले होते, कशाने काय झाले ते कळावे म्हणून. आज मागे पाहताना ते अंतर लांबले असे वाटते. तुकड्याचा अहवाल स्वच्छ होता, दोन्ही एकत्र सुरू करता आले असते, आणि बाईंच्या सहा आठवड्यांच्या रात्री वाचल्या असत्या.

जेल ०.०६ टक्क्यांचे होते. अर्धशिशीमुळे रोज ०.७५ मिलिग्रॅम एस्ट्राडायॉल, म्हणजे सव्वा ग्रॅम जेल, इतक्या कमी मात्रेने सुरुवात केली. महिन्याने त्या आल्या तेव्हा वाफा जशाच्या तशा होत्या. मात्रा वाढवण्याआधी मी ट्यूब मागवली आणि ‘कसे लावता ते दाखवा’ म्हटले. त्यांनी तर्जनीच्या टोकावर हरभऱ्याएवढे जेल घेतले आणि चेहऱ्याला क्रीम लावावे तसे मनगटावर चोळले. खोक्यातली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पट्टी खोक्याबरोबरच टाकली गेली होती. शिवाय लावल्यावर अर्ध्या तासात आंघोळ होत होती. माप पट्टीने घ्यायचे, आंघोळीनंतर कोरड्या दंडावर किंवा मांडीवर पसरून लावायचे, छातीवर लावायचे नाही, पाच मिनिटे वाळू द्यायचे, मग पदर घ्यायचा आणि हात धुवायचे, त्या जागी तेल किंवा दुसरे क्रीम लावायचे नाही, हे सगळे दुसऱ्या ट्यूबवर प्रत्यक्ष करून दाखवले. तीन आठवड्यांत रात्रीची जाग चार वेळांवरून एकावर आली. पुढे मात्रा १.५ मिलिग्रॅमवर नेली आणि तेथेच ठेवली. बीजकोश अजून मधूनमधून जागे होत असल्याने एखादा आठवडा वाफा पुन्हा येतात; या काळातला आराम पाळी पूर्ण गेलेल्या बाईइतका एकसारखा नसतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवले होते.

तांबीचा त्रास मात्र झाला. दुसऱ्या महिन्यात सलग वीस दिवस तपकिरी डाग पडत राहिले आणि ‘ही काढूनच टाका’ असा फोन आला. पहिले तीन ते सहा महिने असे डाग बहुतेकींना पडतात, हे बसवताना सांगितलेले त्यांना आठवत होते, पण सांगणे वेगळे आणि रोज पॅड बदलणे वेगळे. मी बोलावून सोनोग्राफी केली, तांबी जागेवर होती, आणि आणखी आठ आठवडे थांबायचे व तरीही नको वाटले तर काढायची, असा शब्द दिला. पाचव्या महिन्यात डाग थांबले.

नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन १२.१, रक्तदाब १२८/८२ आणि पाळी जवळजवळ बंद, अशी स्थिती होती. अर्धशिशीचा एक झटका जेलच्या पहिल्या महिन्यात आला, त्यानंतर पूर्वीइतकेच, म्हणजे वर्षाला दोन-तीन. रेषा वाढल्या किंवा बोलताना शब्द अडला तर जेल थांबवून लगेच यायचे, हे कागदावर लिहून दिलेले आहे. फळ्यावर अडखळण्याविषयी मी विचारले, तेव्हा प्रमेयाचे नाव न काढता त्यांनी दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर एका रात्रीत तपासल्याचे सांगितले.

शरीरसंबंधाच्या वेळी कोरडेपणाने दुखते ही तक्रार त्यांनी याच भेटीत, दार लावून घेतल्यावर सांगितली. त्यासाठी योनीत लावायचे कमी मात्रेचे एस्ट्रिऑल क्रीम दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा, असे जोडले. ते रक्तात फारच थोडे जाते आणि जेलबरोबर चालते. किती वर्षे घ्यायचे, या प्रश्नावर ठरलेली मुदत सांगितली नाही. दरवर्षी रक्तदाब, वजन आणि लक्षणे पाहायची, मॅमोग्राफी वेळेवर करायची आणि त्यांची गरज असेपर्यंत चालू ठेवायचे, एवढे ठरले. अस्तराच्या रक्षणासाठी तांबी बसवून पाच वर्षे झाली की बदलायची आहे, आणि ती तारीख त्यांनी आपल्या टाचणवहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली.